नायकत्वाचा देह : चित्रपट आणि संगणकीय खेळ यांतील वंश आणि लिंगभाव

१

नायक ही संकल्पना साहित्यशास्त्रात कधीच निव्वळ तांत्रिक नव्हती. कथानकाच्या केंद्रस्थानी असणारे पात्र म्हणजे नायक, एवढीच व्याख्या स्वीकारली तर त्या जागी कोणालाही बसवता येईल असे वाटते. परंतु ही जागा कोणासाठी आहे, हेही शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रानुसार ‘नाटक’ या प्रकाराचा नायक प्रख्यात, उदात्त आणि राजर्षीच्या वंशातला असावा लागतो, ‘प्रकरणा’त विप्र, अमात्य, सार्थवाह यांना नायकत्व लाभते, आणि राजा संस्कृतात बोलत असता स्त्रिया व नीच मानलेली पात्रे बहुधा प्राकृतात बोलतात. ॲरिस्टॉटलचा शोकात्म नायकही नामांकित घराण्यातला असतो. चांगुलपणा स्त्रीच्या आणि गुलामाच्याही ठिकाणी असू शकतो, हे मान्य करताना स्त्री कनिष्ठ आणि गुलाम हीन अशी पुस्ती जोडायला तो विसरत नाही. कथनातील केंद्र आणि समाजातील श्रेणी यांचा संबंध समीक्षेने अलीकडे शोधून काढलेला नाही. तो शास्त्राच्या आरंभापासूनच नोंदला गेला आहे.

चित्रपट आणि संगणकीय खेळ ही आधुनिक यंत्रयुगाची माध्यमे. कॅमेरा कोणाच्याही मागे जाऊ शकतो आणि खेळाची आज्ञावली कोणत्याही देहाला चालवू शकते. तत्त्वतः येथे जन्माची अट उरण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र हॉलिवूडच्या आणि पाश्चात्त्य खेळ-उद्योगाच्या इतिहासात नायकाची जागा दीर्घकाळ गोऱ्या पुरुषाकडेच राहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीडशे खेळांतील पात्रांची मोजदाद करणाऱ्या एका अभ्यासात पुरुष, गोरे आणि प्रौढ यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा ठळकपणे अधिक आढळले. अशा गणनेचे महत्त्व नाकारता येत नाही. जे सर्वत्र असते तेच नैसर्गिक वाटू लागते आणि मोजल्याशिवाय त्याचे सर्वत्र असणे डोळ्यांत भरत नाही.

मात्र गणनेच्या मुळाशी एक गृहीतक असते. नायकत्व ही एक रिकामी खुर्ची आहे, तिच्यावर आजवर एकाच वर्गाची माणसे बसली, आता इतरांना बसवले की न्याय होईल, असे ते गृहीतक. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. देह बदलला आणि कृती तीच ठेवली, तर नायकत्व तेच राहते काय, हा येथील प्रश्न आहे. काही चित्रपट आणि काही खेळ शेजारी ठेवून पाहिले असता असे दिसते, की देह कधीच कोरा नसतो. तो कथनात शिरताना जगाकडून आपल्यावर झालेले वाचन सोबत घेऊन येतो, कर्त्याचा तसा हेतू असो वा नसो.

२

वगळण्याची यंत्रणा कशी चालत असे, हे प्रथम पाहू. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) मधील महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या. काळा माणूस कथेला खलत्वासाठी हवा होता, पण त्याचा देह नको होता. पुढे अमेरिकन चित्रपट-उद्योगाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आणि १९३४ पासून ती काटेकोरपणे लागू केली. गोऱ्या आणि काळ्या वंशांतील लैंगिक संबंध पडद्यावर दाखवण्यास या संहितेत मनाई होती आणि व्यवहारात तिची छाया इतर वंशांवरही पडत असे. लोकप्रिय चित्रपटाचा कणा प्रेमकथा हा असल्याने नायक गोरा म्हटला की नायिकाही गोरी ठरूनच जाई. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ही चिनी शेतकरी कुटुंबाची कथा. तिच्यात नायकाचे काम पॉल म्युनी यांच्याकडे गेले आणि नायिका ओ-लान हिचे लुइझ रायनर यांच्याकडे. ॲना मे वाँग ही त्या काळची नामांकित चिनी-अमेरिकन अभिनेत्री असूनही ती भूमिका तिला मिळाली नाही. रायनर यांना मात्र तिच्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. येथे पात्र चिनी आहे, दुःख चिनी आहे, भूमीही चिनी आहे. नायकत्व धारण करणारा देह तेवढा चिनी नाही.

या पार्श्वभूमीवर दोन चित्रपट लक्षणीय ठरतात. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आणि रिडली स्कॉटचा ‘एलियन’ (१९७९). पहिल्यातील बेन या नायकाची भूमिका कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेली नव्हती. चाचणीत ड्वेन जोन्स सरस ठरले म्हणून त्यांची निवड झाली, असे रोमेरो सांगत असत. दुसऱ्याच्या पटकथेत अंतराळयानावरील पात्रांच्या भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही कराव्यात अशी सूचनाच होती. त्यांतील रिप्ली सिगर्नी वीव्हर यांनी साकारली. दोन्ही ठिकाणी भूमिका कोरी होती. रिकाम्या खुर्चीचे गृहीतक तपासण्यासाठी याहून चांगली उदाहरणे मिळणे कठीण.

या कोरेपणाचे पुढे काय झाले? बेन रात्रभर एका एकाकी घरात चालत्या प्रेतांशी झुंजतो, घाबरलेल्या गोऱ्या सोबत्यांना हुकूम देतो आणि सकाळपर्यंत एकटाच तग धरून राहतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्या माणसांची टोळी येते आणि त्यालाही प्रेत समजून गोळी घालते. मग स्थिरचित्रे येतात. आकड्यांनी ओढून नेलेला त्याचा देह चितेवर टाकला जातो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि चित्रपट ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. बंदुका घेतलेले गोरे, कुत्री आणि मेलेला काळा माणूस हे दृश्य अमेरिकन प्रेक्षकाला झुंडबळींच्या इतिहासाची आठवण दिल्याशिवाय राहिले नाही. पटकथेत नसलेला अर्थ देहाने आणला. बेनच्या जागी गोरा नट असता तर तोच शेवट दैवाचा क्रूर विनोद ठरला असता. आता तो राज्यव्यवस्थेचे वर्णन ठरतो. कृती तीच, संवादही जवळजवळ तेच, परंतु संहिता वेगळी.

रिप्लीचेही असेच आहे. यानावरील नियमानुसार ती परग्रहावरून परतलेल्यांना विलगीकरणाशिवाय आत घेण्यास नकार देते. पुरुष अधिकाऱ्याने असा नकार दिला असता तर तो शिस्तीचा भाग मानला गेला असता. रिप्लीचा शब्द मात्र बाजूला सारून दार उघडले जाते आणि सर्वनाश ओढवतो. लेखकाने स्त्रीच्या उपेक्षित शब्दाची कथा लिहिलेली नव्हती. वीव्हर यांच्या उपस्थितीने ती तशी झाली.

३

चित्रपटात प्रेक्षक नायकाकडे पाहतो. खेळात खेळाडू नायकाला चालवतो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अभिजात हॉलिवूडपटातील विभागणी दाखवून दिली होती. पुरुष कृती करतो, स्त्री पाहिली जाते आणि प्रेक्षकाची नजर पुरुषाच्या नजरेशी जोडली जाते. या मांडणीत काळ्या स्त्री-प्रेक्षकाला जागाच नाही, असा आक्षेप बेल हुक्स यांनी ‘ब्लॅक लुक्स’ (१९९२) मध्ये घेतला. पडद्यावरील गोऱ्या नायिकेशी किंवा तिच्याकडे पाहणाऱ्या नायकाशी एकरूप न होता, विरोधाने पाहण्याची एक रीत अशा प्रेक्षकाने कमावलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे पाहणाराही देहधारी आहे.

संगणकीय खेळांनी ही विभागणी गुंतागुंतीची केली. निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड’ (१९८६) या खेळात खेळाडू चिलखतातील एका योद्ध्याला चालवतो. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत त्याचा उल्लेख पुल्लिंगी आहे. खेळ लवकर संपवल्यास शेवटी शिरस्त्राण उतरते आणि सॅमस अरान ही स्त्री असल्याचे उघड होते. खेळ जितका त्वरेने संपवावा तितके तिच्या अंगावरचे आवरण कमी. शौर्य गाजवले तेव्हा ती पुरुष मानली गेली. स्त्री म्हणून प्रकट झाली तेव्हा ती बक्षीस झाली. दहा वर्षांनी आलेल्या ‘टूम रेडर’ (१९९६) मध्ये लारा क्रॉफ्ट उघडपणे स्त्री आहे आणि कॅमेरा सतत तिच्या पाठीमागे आहे. मल्व्ही यांनी वेगळ्या केलेल्या दोन भूमिका येथे एकाच आकृतीत मिसळतात. कृती करणारी तीच आणि पाहिली जाणारीही तीच.

खेळांचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी २००४ मध्ये या संदर्भात एक रोखठोक भूमिका घेतली. लाराच्या देहाची मापे खेळाडू म्हणून आपल्याला अप्रस्तुत आहेत. देह वेगळा असता तरी आपले खेळणे बदलले नसते. खेळताना आपण तिच्या देहाकडे नव्हे, तर त्याच्या पलीकडे पाहतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. खेळाचे सत्त्व नियमांत असते, चित्रात नसते, हा त्यामागील सिद्धांत. खेळाला कादंबरीचे निकष लावण्याच्या घाईला या सिद्धांताने योग्य तो पायबंद घातला, हे मान्यच करायला हवे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलट दिशेनेही वाचता येतो. लाराच्या देहापलीकडे पाहता येते, कारण ‘टूम रेडर’च्या जगाचे नियम तिच्या देहाकडे लक्ष देत नाहीत. भिंत, खंदक आणि लांडगे यांना ती स्त्री असल्याचे ठाऊक नाही. देह अप्रस्तुत असणे हा खेळ या माध्यमाचा धर्म नसून त्या एका खेळाच्या नियमव्यवस्थेचा निर्णय आहे.

हे पटवण्यास विरुद्ध जातीची उदाहरणे आहेत. ‘असॅसिन्स क्रीड थ्री : लिबरेशन’ (२०१२) ची नायिका अवेलीन द ग्रांप्रे ही अठराव्या शतकातील न्यू ऑर्लिन्समधील फ्रेंच व्यापारी आणि आफ्रिकन गुलाम स्त्री यांची मुलगी. तिला तीन वेष घेता येतात : उच्चकुलीन स्त्रीचा, गुलामाचा आणि मारेकऱ्याचा. कुलीन वेषात पहारेकऱ्यांना भुलवता येते, पण भिंती चढता येत नाहीत. गुलामाच्या वेषात कष्टकऱ्यांच्या गर्दीत लपता येते. मारेकऱ्याच्या वेषात सर्व बळ असते आणि संशयही सदैव पाठीवर असतो. समाज देहाला कसा वाचतो, हेच येथे नियम झाले आहे. ‘माफिया थ्री’ (२०१६) ची कथा १९६८ सालच्या, न्यू ऑर्लिन्सवर बेतलेल्या एका काल्पनिक शहरात घडते. त्याचा मिश्रवंशीय नायक लिंकन क्ले व्हिएतनाममधून परतलेला सैनिक आहे. श्रीमंत वस्तीत त्याने गुन्हा केला की पोलीस तत्परतेने येतात आणि गरीब काळ्या वस्तीत रेंगाळत. काही दुकानांत त्याचे नुसते आत जाणेही अपराध ठरते. आर्सेथ यांच्याच निकषाने पाहिले तरी येथे देहाच्या पलीकडे पाहता येत नाही, कारण तो चित्रात नसून नियमांत आहे.

या दोन टोकांच्या मध्ये निवडीचे खेळ येतात. ‘मास इफेक्ट’ (२००७) मध्ये सेनानी शेपर्डचे लिंग आणि चेहरा खेळाडू ठरवतो; कथा आणि संवाद बहुतांशी तेच राहतात. हे औदार्य आहे, यात शंका नाही. तरीही त्या खेळाच्या वेष्टनावर छापला गेला तो गोरा पुरुष शेपर्डच. कोऱ्या जागेलाही एक मूळ रूप असते. २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या सहकारी खेळात स्त्री-पात्र का नाही, असे विचारले गेले, तेव्हा हालचालींचे चित्रण आणि पोशाख यांचे काम दुप्पट झाले असते, असे कारण निर्मात्यांच्या बाजूने देण्यात आले. पुरुषदेह हा पाया आणि स्त्रीदेह ही वाढीव भर, हा हिशेब त्या उत्तरात स्पष्टपणे व्यक्त झाला.

४

खेळाडू ज्या देहाने वावरतो त्याला जगभर ‘अवतार’ म्हणतात. १९८५ च्या ‘अल्टिमा फोर’ या खेळाच्या नावातच तो शब्द होता. मराठी वाचकाला या शब्दाचे मूळ सांगण्याची गरज नाही. मात्र त्यातील एक छटा ध्यानात घेण्याजोगी आहे. अवतार घेणारा देहात उतरतो खरा, पण देहाच्या कर्माने बांधला जात नाही. कार्य झाले की तो परत जाऊ शकतो. खेळाडूचेही तसेच असते. ‘माफिया थ्री’ खेळणारा गोरा खेळाडू लिंकन क्लेचा अपमान काही तास वागवतो आणि यंत्र बंद करून उठतो. दुसऱ्याचा देह धारण करण्याने सहानुभूती वाढते, असे म्हटले जाते आणि ते काही अंशी खरेही असेल. परंतु सोडून जाण्याची मुभा ही या सहानुभूतीची अट आहे आणि ज्याचा तो देह आहे त्याला तशी मुभा नाही.

जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (२०१७) हा चित्रपट खेळांविषयी नाही, तरी या प्रश्नावरील तो सर्वांत मर्मभेदी विचार म्हणावा लागेल. ख्रिस हा काळा छायाचित्रकार आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या घरी जातो. तेथील मंडळी वंशद्वेष्टी दिसत नाहीत. उलट काळ्या देहाचे बळ, सौष्ठव, दृष्टी यांचे त्यांना कौतुक आहे. याच कौतुकातून ते काळ्या माणसांना पळवून आणतात आणि त्यांच्या देहात स्वतःचा मेंदू बसवतात. मूळ माणूस आतल्या आत एका खोल गर्तेत उरतो. जग त्याला दिसते, पण हातपाय दुसराच चालवत असतो. ख्रिसला विकत घेणारा अंध कलाविक्रेता आपल्याला त्याचे डोळे हवे आहेत, असे सांगतो. काळ्या नायकाला चालवणे म्हणजे त्याला समजून घेणे, या सोयीस्कर समजुतीवर याहून कठोर टीका क्वचितच झाली असेल. देह मिळवणे आणि दृष्टी मिळवणे या दोन गोष्टी एक नाहीत.

याच चित्रपटाचा शेवट रोमेरोच्या शेवटाशेजारी ठेवून पाहावा. ख्रिस निसटतो, भोवती प्रेते पडलेली आहेत, आणि रस्त्यावर गाडीचा निळा-तांबडा प्रकाश चमकतो. अभिजात भयपटात पोलिसांचे येणे म्हणजे सुटका. येथे संपूर्ण प्रेक्षागृहाच्या मनात भीती दाटते. ख्रिस निमूटपणे हात वर करतो. गाडीतून त्याचा मित्र उतरतो तेव्हा कोठे श्वास सुटतो. पील यांनी ख्रिसच्या अटकेचा वेगळा शेवटही चित्रित केला होता. ठेवलेल्या शेवटात अटक होत नाही, पण ती होणारच असे प्रेक्षकाला वाटते आणि चित्रपटाचा अर्थ या वाटण्यात आहे. १९६८ मध्ये जे देहाने नकळत घडवले, ते २०१७ मध्ये जाणीवपूर्वक घडवले गेले. ज्याला पोलिसांचे भय कधी वाटले नाही असा प्रेक्षकही त्या क्षणी ख्रिसच्या जागेवरून जग वाचतो.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. काळ्या नायकाने नेहमी वंशद्वेषच भोगावा आणि स्त्री-नायिकेने पुरुषसत्तेशीच झगडावे, अशी अपेक्षा ठेवली तर ती नवी कोठडी होणार नाही काय? गोऱ्या पुरुषाला ड्रॅगन मारण्याची, प्रेमात पडण्याची, निरर्थक साहसे करण्याची मोकळीक आणि इतरांच्या वाट्याला फक्त आपल्या जखमेचे निवेदन, ही वाटणी निश्चितच अन्यायाची आहे. नटांच्या रोजगाराच्या दृष्टीनेही कोऱ्या भूमिका खुल्या होणे महत्त्वाचे आहे. रिप्लीचे मोल यात आहे, की तिला स्त्रीत्वाविषयी भाषण करावे लागत नाही.

रायन कूग्लर यांच्या ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) मध्ये हा तिढा कथानकातच आला आहे. टी’चाला हा वाकांडा या कधीही वसाहत न झालेल्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा. तेथे काळा देह हा केवळ देह आहे. त्याला विशेषणाची गरज नाही. त्याचा प्रतिस्पर्धी किलमाँगर कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढलेला आहे. त्याचा देह जन्मापासून वाचला गेला आहे. एकाचे नायकत्व वंशाच्या खुणेपासून मुक्त, तर दुसऱ्याचा सगळा संताप त्या खुणेतून आलेला. दोघे सख्खे चुलतभाऊ आहेत. चित्रपट राजाला विजय देतो, पण किलमाँगरच्या प्रश्नाने राजाचे धोरण बदलते. कोरा देह हे स्वप्न म्हणून इष्ट आहे. ते वर्णन म्हणून पुढे केले की ओकलंड अदृश्य होते.

हा विचार मराठी समीक्षेला परका नाही. दलित आणि स्त्रीवादी साहित्याच्या चर्चेत नायक कोण आणि कोणाच्या दृष्टीतून, हे प्रश्न येथे प्रदीर्घ काळ विचारले गेले आहेत. जात आणि वंश एक नव्हेत; जात बहुधा कातडीवरून नव्हे, तर आडनाव, वस्ती आणि काम यांवरून वाचली जाते. वाचले जाण्याची प्रक्रिया मात्र ओळखीची आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मधील आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पुढाकार घेते. तिचे हे नायकत्व पितृसत्तेला छेद देणारे आहे आणि त्याच वेळी पाटलाच्या घराण्याच्या सत्तेने पुरवलेलेही आहे. घर सुटताच ते कसे गळून पडते, हे चित्रपटाचा उत्तरार्ध दाखवतो. ‘धडक’ (२०१८) या हिंदी रूपांतरात कथा उदयपूरला गेली, जातीची रेषा पुसट झाली आणि तीच घटनामाला एक साधी प्रेमशोकांतिका होऊन बसली. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याने भिरकावलेला अखेरचा दगड कॅमेऱ्यावर येतो. तोवर त्याच्याकडे सुखरूप अंतरावरून पाहणारा प्रेक्षक हेटाळणाऱ्यांच्याच बाजूला उभा असल्याचे उघडकीस येते. अवतार सोडून उठून जाण्याची जी मुभा खेळाडूला असते, ती हा दगड प्रेक्षकाला नाकारतो.

तेव्हा कोण दिसतो, ही गणना चालूच राहिली पाहिजे. तिच्याशिवाय चर्चेला पायाच उरणार नाही. परंतु समीक्षेचे काम तेथे संपत नाही. कलाकृतीतील जग त्या देहाला कसे वाचते, हे वाचन कथनात किंवा नियमांत उतरले आहे की वेष्टनापुरते आहे, आणि पाहणाऱ्याला अथवा खेळणाऱ्याला त्यात कोणती सुरक्षित जागा दिली आहे, हे विचारल्याशिवाय नायकत्वाचा विचार पुरा होत नाही. बेनची भूमिका कोरी लिहिली गेली होती. टोळीतल्या माणसाने मात्र ती कोरी वाचली नाही. जोवर तशी टोळी पडद्याबाहेर आहे, तोवर नायकाचा देह हा कथानकाचाच भाग राहणार आहे.